हिशेब कोणाला द्यायचा? : अरब जगातील परकीय मदत आणि लोकशाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. वेळापत्रकात शेवटच्या तासाला ढकलला जाणारा हा विषय त्यांनी सगळ्यांत महत्त्वाचा मानला. आज मी घेतलेला विषय दूरदेशीचा असला, तरी त्याचा गाभा गुरुजींच्याच विषयातला आहे. राज्यकर्त्यानं हिशेब कोणाला द्यायचा, हा तो प्रश्न.

गेल्या अर्धशतकात विकास आणि लोकशाही या दोन नावांखाली अरब जगात बाहेरून प्रचंड पैसा आला. अमेरिकेचा आला, युरोपचा आला, जागतिक बँकेचा आणि नाणेनिधीचा आला, आखाती राजघराण्यांचाही आला. त्या पैशातून मैलापाण्याच्या वाहिन्या झाल्या, लहान मुलांचे जीव वाचले, मतदान केंद्रांवरचे निरीक्षक तयार झाले. आणि त्याच पैशानं राज्यकर्त्यांना आपल्या जनतेला उत्तर देण्याच्या गरजेतून मोकळं केलं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : लोकशाही म्हणजे राज्यकर्त्याला जाब विचारण्याची लोकांची ताकद. ज्या मदतीनं ही ताकद वाढत नाही, ती लोकशाहीला झालेली मदत नव्हे, मग तिच्यावर नाव कोणतंही असो. हे मी प्रामुख्यानं इजिप्तच्या उदाहरणावरून मांडणार आहे. जॉर्डन आणि ट्युनिशिया सोबतीला असतील.

गहू आणि तह

इथल्या ज्येष्ठांना १९७२चा दुष्काळ आठवत असेल, आणि रेशनवर मिळालेला अमेरिकेचा लाल मिलोही. अमेरिकेचं धान्य आपल्या ताटात येण्याची सवय त्याआधीच लागली होती. साठच्या दशकात पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारतात गव्हाची जहाजं येत. १९६५-६६च्या टंचाईत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हात आखडता घेत ती थोडी थोडी सोडली. भारतानं शेतीचं धोरण बदलावं आणि व्हिएतनाम युद्धाबद्दल जपून बोलावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

त्याच वर्षांत, त्याच कायद्याखाली, तोच गहू इजिप्तलाही जात होता. डिसेंबर १९६४मध्ये इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांनी पोर्ट सैदच्या जाहीर सभेत अमेरिकेला खडसावलं. मदतीसाठी आम्ही आमचं धोरण बदलणार नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. पुढं इजिप्तचा गहू अडखळू लागला आणि काही काळानं थांबला. परक्याच्या धान्यावर पोट असलं की परराष्ट्र धोरण किती मोकळं राहतं, हे दिल्ली आणि कैरो यांनी जवळजवळ एकाच वेळी अनुभवलं.

नासर यांच्यानंतर आलेल्या अन्वर सादात यांनी वाट बदलली. त्यांनी अर्थव्यवस्था परकीय भांडवलाला खुली केली. जानेवारी १९७७मध्ये नाणेनिधीच्या सल्ल्यानं त्यांच्या सरकारनं पीठ, तांदूळ, साखर, स्वयंपाकाचा गॅस अशा रोजच्या वस्तूंवरचं अनुदान कमी केलं. १८ आणि १९ तारखेला अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. लष्कर बोलवावं लागलं आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सादात जेरुसलेमला गेले. १९७८मध्ये कॅम्प डेव्हिडचे करार झाले आणि २६ मार्च १९७९ रोजी इजिप्त-इस्रायल तहावर सह्या झाल्या. आर्थिक कोंडी हे या वळणामागचं एकमेव कारण नव्हतं, पण महत्त्वाचं कारण होतं.

तहानंतर अमेरिकी मदतीचा ओघ सुरू झाला. १९८७पासून इजिप्तच्या लष्करासाठी दरवर्षी सुमारे १३० कोटी डॉलर ठरून गेले. हा पैसा अमेरिकी शस्त्रांवरच खर्च होतो : एफ-१६ विमानं, आणि कैरोजवळच्या कारखान्यात जोडले जाणारे अब्राम्स रणगाडे. बदल्यात अमेरिकी युद्धनौकांना सुएझ कालव्यातून लवकर वाट मिळते आणि विमानांना इजिप्तच्या आकाशातून मोकळीक मिळते. हा एक व्यवहार आहे, आणि त्यात दोन्ही सरकारांचा फायदा आहे. मात्र इजिप्तचा सामान्य नागरिक या व्यवहारात पक्षकार नाही. त्याच्या संसदेत लष्कराचा अर्थसंकल्प एका ठोक आकड्यापलीकडे उघडलाच जात नाही.

जे चांगलं झालं

लष्करी मदतीबरोबर नागरी मदतही आली, आणि तिच्याविषयी न्यायानं बोललं पाहिजे. नव्वदच्या दशकात ती वर्षाला ८१.५ कोटी डॉलर होती. अमेरिकेच्या यूएसएड या विकाससंस्थेनं कैरो आणि अलेक्झांड्रियातल्या मैलापाण्याच्या जुन्या, तुंबलेल्या व्यवस्थांवर मोठं काम केलं. वीज, टेलिफोन, शाळा, लसीकरण यांवर खर्च झाला. ऐंशीच्या दशकात अतिसाराविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली. मीठ-साखरेच्या पाण्याचा हा साधा उपाय, आपली जलसंजीवनी. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिची ताकद जगाला दाखवून दिली होती. इजिप्तमध्ये ती दूरचित्रवाणीवरून, दवाखान्यांतून, गावोगावच्या परिचारिकांकडून घराघरांत पोचली आणि असंख्य मुलं जगली. ज्यांची मुलं वाचली त्या आयांना मदतीमागचं राजकारण ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही या विकासाची एक मर्यादा होती. अभ्यासक टिमथी मिचेल यांनी 'रूल ऑफ एक्स्पर्ट्स' या २००२च्या ग्रंथात ती उलगडून दाखवली आहे. इजिप्तवरचे विकास-अहवाल नेहमी एकाच चित्रानं सुरू होत : नाईलची अरुंद हिरवी पट्टी, भोवती वाळवंट, आणि त्या पट्टीत मावेनाशी झालेली माणसं. चित्र खरं वाटतं, पण ते एकदा मान्य केलं की दारिद्र्य हा भूगोलाचा आणि जन्मदराचा प्रश्न होतो. जमीन कोणाकडे किती आहे, आयात धान्याचा फायदा कोणाला होतो, पोलीस ठाण्यात कोणाचं ऐकलं जातं, हे प्रश्न चौकटीबाहेर राहतात. मदत देणारी संस्था सरकारच्या परवानगीनं आलेली असते. सरकारला अडचणीचे प्रश्न तिच्या अहवालात येत नाहीत, यात आश्चर्य नाही.

मआनचा धडा

आता जॉर्डनकडे वळू. हा देश स्थापनेपासून परकीय पैशावर उभा आहे. आधी ब्रिटिश, मग अमेरिकी आणि आखाती. १९८९मध्ये कर्जाचा डोंगर झाला. नाणेनिधीशी करार करून सरकारनं किमती वाढवल्या. एप्रिलमध्ये दक्षिणेतल्या मआन शहरात दंगली उसळल्या. मआन हा राजाशी एकनिष्ठ मानला जाणारा भाग, त्यामुळे राजवाडा हादरला. पंतप्रधानांना जावं लागलं, आणि नोव्हेंबर १९८९मध्ये दोन दशकांहून अधिक काळानंतर संसदेच्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या. या निवडणुका कोणत्याही लोकशाही-सहाय्य कार्यक्रमाचं फळ नव्हत्या. राजाकडचा बाहेरचा पैसा आटला, त्याला जनतेकडे वळावं लागलं आणि जनतेनं त्याची किंमत मागून घेतली.

पुढचा भाग तितकाच बोलका आहे. १९९३मध्ये निवडणुकीचा कायदा बदलून विरोधकांचं, विशेषतः इस्लामी पक्षाचं, बळ कमी केलं गेलं. १९९४मध्ये इस्रायलशी तह झाला. अमेरिकेनं जॉर्डनचं सुमारे ७० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं आणि मदत वाढत गेली. बाहेरचा पैसा परत आला, तशी आतली प्रतिनिधित्वाची जागा आक्रसली. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हे मी जाणतो. पण हाच क्रम पुढं इतर ठिकाणी इतक्या वेळा दिसतो, की तो योगायोग म्हणून सोडता येत नाही.

लोकशाहीची मोहीम

११ सप्टेंबर २००१नंतर अमेरिकेची भाषा बदलली. अरब देशांतली हुकूमशाही आपल्यासाठीच धोक्याची आहे, असं वॉशिंग्टनमध्ये उघड बोललं जाऊ लागलं. २००२मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं अरब मानवी विकास अहवालांतला पहिला अहवाल प्रसिद्ध केला. तो अरब विद्वानांनीच लिहिला होता. स्वातंत्र्य, स्त्रियांचं सक्षमीकरण आणि ज्ञान या तीन बाबतींत आपण मागे आहोत, असं त्यात निर्भीडपणे सांगितलं होतं. डिसेंबर २००२मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी मध्यपूर्वेसाठी भागीदारीचा नवा कार्यक्रम जाहीर केला. नोव्हेंबर २००३मध्ये अध्यक्ष बुश यांनी, आणि जून २००५मध्ये कैरोतल्या अमेरिकन विद्यापीठात परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईस यांनी कबूल केलं, की साठ वर्षं अमेरिकेनं या प्रदेशात लोकशाहीपेक्षा स्थैर्य पसंत केलं आणि ते चुकलं.

या कबुलीचं मोल मी कमी लेखत नाही. कैरोतल्या अनेक कार्यकर्त्यांना त्या शब्दांनी बळ मिळालं होतं. पण शब्दांची कसोटी लगेच लागली. इजिप्तच्या २००५च्या अध्यक्षीय निवडणुकीत सत्ताधारी अध्यक्ष होस्नी मुबारक यांच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर आलेले अयमन नूर यांना त्याच डिसेंबरात पाच वर्षांची शिक्षा झाली. वर्षअखेरच्या संसदीय निवडणुकीत मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेच्या उमेदवारांनी ८८ जागा जिंकल्या. पुढच्या फेऱ्यांत पोलिसांनी मतदान केंद्रांच्या वाटा अडवल्या होत्या, तरीही. मग जानेवारी २००६मध्ये पॅलेस्टिनी निवडणूक झाली. परदेशी निरीक्षकांनी ती चांगली पार पडल्याची ग्वाही दिली. १३२पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या, आणि अमेरिका व युरोपनं पॅलेस्टिनी सरकारची थेट मदत थांबवली. हमासचा मार्ग हिंसक आहे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण निकाल आम्हाला चालेल तोवरच मत तुमचं, असा संदेश अरब मतदारापर्यंत गेला आणि तो तिथं खोल रुजला. त्यानंतर इजिप्तवरचा दबाव ओसरला. २००९मध्ये इजिप्तमधल्या लोकशाही कार्यक्रमांचा निधी निम्म्याहून कमी झाला. लष्कराचे १३० कोटी मात्र दरवर्षी पोचत राहिले.

या काळाच्या सुरुवातीचा एक खटला इथं सांगितला पाहिजे. समाजशास्त्रज्ञ साद एद्दिन इब्राहिम हे इब्न खल्दून केंद्राचे संस्थापक. मतदार जागृतीसाठी त्यांनी युरोपीय संघाचा निधी घेतला होता. जून २०००मध्ये त्यांना अटक झाली. विनापरवाना परकीय पैसा घेणं आणि देशाची बदनामी करणं हे आरोप, आणि मे २००१मध्ये सात वर्षांची शिक्षा. पुढच्या वर्षी अमेरिकेनं या खटल्याचं कारण देऊन इजिप्तला जादा मदत नाकारली. ठरलेल्या मदतीला हात लावला नाही. मार्च २००३मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानं इब्राहिम यांना निर्दोष सोडलं. पण तोवर तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली होती.

या खटल्यातली विसंगती पाहा. सरकार स्वतः वर्षाकाठी दोनशे कोटी डॉलरच्या आसपास परकीय पैसा घेत होतं. एका अभ्यासकानं मतदारांसाठी त्याच्या अत्यल्प अंशाइतका पैसा घेतला, तर तो मात्र देशद्रोह ठरला. परकीय पैशाला सरकारचा आक्षेप नव्हताच. तो पैसा जनतेच्या हाती जाब विचारण्याचं साधन म्हणून जाऊ नये, एवढाच आक्षेप होता.

तहरीरनंतर

२५ जानेवारी २०११ रोजी कैरोच्या तहरीर चौकात लोक जमले आणि ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले. अमेरिकेनं लोकशाही कार्यक्रमांसाठी ६.५ कोटी डॉलर वेगळे काढले आणि ते सरकारला वळसा घालून थेट संस्थांना देण्याचं ठरवलं. मुबारक यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या लष्करी परिषदेला हे खपलं नाही. २९ डिसेंबर २०११ रोजी पोलिसांनी अनेक संस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले. त्यांत अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या पक्षांशी जोडलेल्या संस्था होत्या, फ्रीडम हाऊस होतं, जर्मनीचं कोनराड आदेनाउअर प्रतिष्ठान होतं, आणि इजिप्तमधल्या स्थानिक संस्थाही होत्या. ४३ जणांवर खटला भरला गेला.

१ मार्च २०१२ रोजी अडकलेले बहुतेक अमेरिकी कर्मचारी जामीन भरून विमानानं देशाबाहेर पडले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी लोकशाहीविषयीच्या अटी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव बाजूला ठेवून लष्कराची मदत मोकळी केली. जून २०१३मध्ये सर्व ४३ जणांना शिक्षा सुनावल्या गेल्या. बहुतेक परदेशी लोक तोवर घरी पोचले होते. मागे उरले ते इजिप्शियन कर्मचारी. त्यांच्याकडे दुसरा पासपोर्ट नव्हता आणि त्यांच्यासाठी विमान येणार नव्हतं. डिसेंबर २०१८मध्ये फेरसुनावणीत निर्दोष मुक्तता झाली, तेव्हा त्यांच्या आयुष्याची सात वर्षं गेली होती. लोकशाहीच्या मदतीचा धोका कोण पत्करतं आणि तिचं श्रेय कोण घेतं, हे या खटल्यानं जितकं स्पष्ट केलं तितकं कोणत्याही अहवालानं केलेलं नाही.

जून २०१३च्या त्या शिक्षांना महिनाही झाला नव्हता, तोच ३ जुलै २०१३ रोजी लष्करानं निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना हटवलं. मोर्सी यांच्या कारभारावर लाखो इजिप्शियन संतापलेले होते, हेही खरं. काही दिवसांतच सौदी अरेबियानं ५०० कोटी, कुवेतनं ४०० कोटी आणि संयुक्त अरब अमिरातीनं ३०० कोटी डॉलर देऊ केले. अमेरिकेची वर्षभराची सगळी मदत मिळूनही या १२०० कोटींच्या पाचव्या हिश्शाइतकी नव्हती. परकीय मदत म्हटलं की आपली नजर फक्त पश्चिमेकडे जाते. आखाती पैसाही परकीयच आहे, आणि आखाती राजघराण्यांच्या शेजारी निवडून आलेलं सरकार टिकू नये, हा त्यामागचा हिशेब उघड होता. १४ ऑगस्टला कैरोच्या राबिया चौकात जमलेल्या मोर्सी-समर्थकांवर सुरक्षा दलांनी गोळीबार केला; ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं किमान ८१७ मृत्यूंची नोंद केली. अमेरिकी कायद्यानुसार लष्करी उठावानंतर मदत थांबवावी लागते. अमेरिकेच्या सरकारनं त्या घटनेला उठाव म्हणायचंच टाळलं. ऑक्टोबर २०१३मध्ये मदतीचा काही भाग रोखला आणि मार्च २०१५मध्ये तो पुन्हा सुरू केला.

बदल घडवला कोणी?

मग २०११चा बदल आला कुठून? परदेशी पैशातून आला, असं इजिप्तचं सरकार म्हणत राहिलं. वस्तुस्थिती अधिक साधी आणि अधिक सन्मानाची आहे. डिसेंबर २००६पासून नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या महल्ला अल-कुब्रा इथल्या कापड गिरणी कामगारांचे संप सुरू झाले. मुंबईच्या गिरणगावाशी नातं असलेल्या श्रोत्यांना त्या संपांची जात वेगळी सांगायला नको. २००५-०६मध्ये न्यायाधीशांच्या संघटनेनं निवडणुकीतली लबाडी चव्हाट्यावर आणली. दोन ज्येष्ठ न्यायाधीशांना त्यासाठी शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड द्यावं लागलं. डिसेंबर २००७मध्ये मालमत्ता कर गोळा करणारे कर्मचारी कैरोत मंत्रिमंडळाच्या इमारतीसमोर रस्त्यावर मुक्काम ठोकून बसले. कमाल अबू ऐता त्यांचे नेते होते. मागणी मान्य झाली, आणि त्या लढ्यातून २००९मध्ये अर्धशतकानंतरची पहिली स्वतंत्र कामगार संघटना मान्यता मिळवून उभी राहिली. कर गोळा करणाऱ्या कारकुनांनी सरकारला जाब विचारला. यांपैकी कोणताही लढा देणगीदाराच्या प्रकल्पात बसणारा नव्हता.

ट्युनिशियानं हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवली. झिन अल-आबिदिन बेन अली यांच्या राजवटीला नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी वर्षानुवर्षं शाबासकी दिली होती. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद इथं मोहम्मद बुआझीझी या फिरत्या फळविक्रेत्यानं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली देश सोडून पळाले. पुढची दोन वर्षं खडतर होती; २०१३मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या आणि घटना समितीचं काम थांबलं. तेव्हा मध्यस्थीला कोण उभं राहिलं? देशातली मोठी कामगार संघटना, मालकांची संघटना, मानवी हक्कांची संघटना आणि वकिलांची संघटना. यांतली कामगार संघटना फरहात हाशेद यांनी फ्रेंच राजवटीत, १९४६मध्ये स्थापन केलेली. ती वर्गणीवर चालते आणि तिच्या शाखा गावोगाव आहेत. या चौघांनी पक्षांना एका टेबलाशी बसवलं, जानेवारी २०१४मध्ये राज्यघटना मंजूर झाली आणि २०१५चं शांततेचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. अशा संस्था तीन वर्षांच्या प्रकल्पातून जन्माला येत नाहीत. सभासदांच्या वर्गणीतून आणि पिढ्यांच्या भांडणांतून त्या मुरतात.

पण ट्युनिशियाचा उत्तरार्ध आपण टाळू नये. तिथं २०११नंतर आलेली मदत बरीचशी कर्जाच्या रूपात होती, आणि त्यासोबत सरकारी पगार व अनुदानं कमी करण्याच्या अटी होत्या. मतदान मोकळं झालं, वृत्तपत्रं मोकळी झाली. सिदी बूझिद आणि कासरीन इथल्या तरुणाला मात्र काम मिळालं नाही. २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा अनेकांनी रस्त्यावर येऊन आनंद व्यक्त केला. पोट भरत नसेल तर मताची राखण करायला माणसं उरत नाहीत. सईद यांनी नवी घटना आणली, विरोधकांना तुरुंगात टाकलं. डिसेंबर २०२२च्या संसदीय निवडणुकीत जेमतेम ११ टक्के मतदान झालं. आणि जुलै २०२३मध्ये युरोपीय संघानं याच सईद यांच्याशी करार केला. त्यात समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांना अडवण्यासाठी १०.५ कोटी युरो होते. त्याच उन्हाळ्यात ट्युनिशियाच्या सुरक्षा दलांनी सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीय स्थलांतरितांना वाळवंटी सरहद्दीवर नेऊन सोडलं होतं.

आज उरलं काय

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारनं परदेशी मदत गोठवली. दवाखाने, शाळा, वृत्तसंस्था, मानवी हक्कांची केंद्रं यांचा पैसा थांबला. १ जुलै २०२५ला यूएसएडचं स्वतंत्र काम संपलं. गोठवण्याच्या त्या पहिल्या आदेशात तातडीच्या अन्नमदतीबरोबर दोन देशांच्या लष्करी निधीला अपवाद होता : इस्रायल आणि इजिप्त. चार दशकांच्या भाषणांमागे पक्कं काय होतं आणि पातळ काय होतं, हे त्या एका आदेशातून कळतं. इजिप्तमध्ये तर त्याआधीच चित्र बदललं होतं. फेब्रुवारी-मार्च २०२४मध्ये, गाझात युद्ध चालू असताना, अमिरातीनं रास अल-हिक्मा या किनारपट्टीसाठी ३५०० कोटी डॉलरचा करार केला, नाणेनिधीनं कर्ज ८०० कोटींवर नेलं आणि युरोपीय संघानं ७४० कोटी युरो जाहीर केले. त्याच्या तीनच महिने आधी इजिप्तचे अध्यक्ष सिसी जवळजवळ ९० टक्के मतांनी पुन्हा निवडून आले होते. इतका पैसा बाहेरून मिळत असेल, तर आतल्या मतदाराची भीती बाळगायचं कारणच उरत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. मदत बंद केली तर हुकूमशहा उपाशी राहत नाही, गरीब उपाशी राहतो. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी मदत थांबवा असं म्हणत नाही. २०२५मध्ये ती थांबली तेव्हा सगळ्यांत आधी दुबळ्यांचे हाल झाले. जलसंजीवनी द्या, गहू द्या, शाळा द्या, आणि त्यांना लोकशाहीचं नाव देऊ नका. लोकशाहीच्या नावानं देणार असाल, तर तीन गोष्टी पाळा. दिलेला प्रत्येक डॉलर अरबी भाषेत, त्या देशाच्या लोकांपुढं उघड करा. मतदार आपल्या पसंतीचा कौल देणार नाही, हे गृहीत धरूनच निवडणुकीला पाठिंबा द्या. आणि एका हातानं नागरी संस्थांना पैसे देताना दुसऱ्या हातानं त्या संस्था चिरडणाऱ्या दलांना शस्त्रं देऊ नका. या तिन्हींना फार पैसा लागत नाही, धैर्य लागतं.

आपला संबंध

श्रोतेहो, हा प्रश्न आपल्या दाराबाहेरचा नाही. परकीय देणग्यांवर नियंत्रण आणणारा आपला पहिला कायदा १९७६चा, म्हणजे आणीबाणीतला. २०१०मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली आणि पुढं तो अधिक कडक होत गेला. दुसरीकडे, २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या देणगीदारांत अमेरिकेबरोबर भारत होता. जगभरच्या नागरी संस्थांना आपण पैसा देतो आणि आपल्या घरच्या नागरी संस्थांच्या पैशाकडे संशयानं पाहतो. परकीय निधीवर देखरेख असावी, यात वाद नाही. पण ती देखरेख उघड नियमांनी आणि न्यायालयाच्या नजरेखाली व्हावी. कैरोचा अनुभव सांगतो, की देखरेख सरकारच्या मर्जीवर गेली की तिचा रोख पैशावर राहत नाही, प्रश्न विचारणाऱ्यांवर जातो.

आणि आपल्याकडे शिकण्यासारखंही काही आहे. ज्या दुष्काळात मिलो आला, त्याच दुष्काळानं महाराष्ट्राची रोजगार हमी योजना मोठी केली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या कल्पनेसाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७मध्ये कायदा झाला. शहरातल्या नोकरदारानं कर भरायचा आणि खेड्यातल्या मजुरानं हक्कानं काम मागायचं, अशी ती रचना होती. तिच्यात त्रुटी होत्या, भ्रष्टाचार होता, हजेरीपत्रकावर खोट्या सह्या होत्या. पण मस्टर दाखवा म्हणून तहसील कचेरीवर मोर्चे निघाले, कारण पैसा इथला होता आणि हक्क कायद्यात लिहिलेला होता. इजिप्तच्या स्वस्त रोटीमागे असा लिहिलेला हक्क नव्हता. ती सरकारची कृपा होती. १९७७मध्ये ती सरकारनं एका रात्रीत कमी केली आणि लोकांना ती दगड हातात घेऊनच परत मिळवावी लागली.

आज भारत स्वतः मदत देणारा देश झाला आहे. आपण अरब देशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतो, त्यांच्या राजांचं आणि अध्यक्षांचं स्वागत करतो. २०२३च्या प्रजासत्ताक दिनाला सिसी आपले प्रमुख पाहुणे होते. परराष्ट्र व्यवहारात सगळ्यांशी बोलावं लागतं, हे मी समजतो. पण आपला पैसा, आपलं प्रशिक्षण आणि आपली शस्त्रं उद्या कोणत्या सरकारच्या हाती जातात, ते सरकार आपल्या लोकांना कसं वागवतं, आणि या व्यवहाराची चर्चा आपल्या संसदेत होते की नाही, हे विचारणं आपलं काम आहे. अमेरिकी करदात्यानं हे प्रश्न चार दशकं पुरेशा जोरानं विचारले नाहीत, म्हणून त्याचा पैसा महल्लाच्या कामगाराऐवजी रणगाड्यांकडे गेला. आपल्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नसेल, तर आपल्या खासदाराला हे प्रश्न आत्ताच, लेखी विचारायला सुरुवात करा. लोकशाहीला दुसऱ्या देशात बळ देण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही, कारण या मार्गावरचं प्रत्येक पाऊल आपल्याच हातात आहे.